शेजारच्या बोअरला ९० फुटांवर पाणी, आमचा ५२० फूट कोरडा : सोलापूरच्या जमिनीखाली आहे तरी काय?

ज्वारीचं_रान

नमस्कार मंडळी. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्यावरून आत. सात एकर रान. खालचं चार एकर काळं, वरचं तीन एकर मुरमाड माळ. आजेसासऱ्यांनी खणलेली विहीर आहे, २० फूट व्यासाची आणि ४२ फूट खोल. १९७२ च्या दुष्काळात अर्धी वस्ती या विहिरीवर जगली, असं घरात सांगतात. आता फेब्रुवारी संपायच्या आत तळातले दगड दिसतात.

गेल्या मंगळवारी दुसरा बोअर घेतला. पहिला चार वर्षांपूर्वीचा, ३०० फुटांचा. तो एक उन्हाळा चालला आणि गेला. या वेळी पाणाड्यानं नारळ घेऊन सगळं रान पालथं घातलं आणि माळाच्या कडेला खूण केली. रात्री साडेनऊला गाडी लागली. मी शेवटपर्यंत तिथंच उभी होते. आधी पिवळसर मुरूम आला, साधारण २५ फुटांपर्यंत. मग राखेसारखी करडी भुकटी. ११० फुटांच्या सुमाराला अचानक तांबडाभडक ओलसर गाळ बाहेर पडायला लागला. सगळे म्हणाले, आलं पाणी. सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. पण दहा-बारा फुटांतच तो तांबडा रंग संपला आणि परत कोरडी भुकटी सुरू झाली, ती थेट ५२० पर्यंत. पहाटे तीनला सासरे म्हणाले, "बंद करा." सकाळी बघितलं तर बांधावरच्या लिंबाची पानं धुळीनं पांढरी झालेली.

शेजाऱ्यांचा बोअर आमच्यापासून दीडशे पावलांवर, ओढ्याच्या अंगाला. त्यांना ९० फुटांवर दोन इंच पाणी लागलंय.

सासरे आता ८०० फुटांचं बोलतायत. म्हणजे परत कर्ज. त्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय. दीडशे पावलांत एवढा फरक कसा पडतो? खाली खरंच पाण्याच्या नद्या असतात का? आणि जुनी विहीर कशानं आटली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मी सगळं वहीत उतरवून घरी वाचून दाखवणार आहे.

रिगवाला_अक्कलकोट

ताई, मी चौदा वर्षं गाडीवर आहे. फुटाच्या भावावर माझं पोट चालतं, तरी सांगतो, ८०० ला जाऊ नका. आमच्या भागात पाणी लागलं तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-अडीचशे फुटांत लागतं. त्याखाली काळा पाषाण सलग आला की नुसती भुकटी उडते आणि डिझेल जळतं. खाली लागतच नाही असं नाही. लागतं, पण लागलेलं टिकलं असं फार थोड्यांचं बघितलंय.

ते तांबडं आलं त्याला आम्ही गेरू म्हणतो. तो ढासळतो, म्हणून आम्ही त्याला भितो. ओल दिसली म्हणजे पाणी लागलं, असं नाही.

काळा_पाषाण

ताई, तुम्ही भुकटीचे रंग आणि फूट लक्षात ठेवलेत, हे फार चांगलं केलंत. बोअर कोरडा गेला तरी त्यानं तुमच्या रानाखालची रचना दाखवली. बहुतेक लोक ती माहिती धुळीबरोबर सोडून देतात. मी नोकरीची सगळी वर्षं या जिल्ह्यातल्या विहिरींची पातळी मोजण्यात घालवली आहेत, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आपला सगळा सोलापूर जिल्हा लाव्हारसाच्या थरांवर बसला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांतता, मग परत नवा लोंढा. भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर आडवे रचले गेले. दख्खनचा बेसाल्ट म्हणतात तो हाच.

या प्रत्येक थराचं अंग दोन प्रकारचं. लाव्हारस थिजताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात, म्हणून थराच्या माथ्याला बुडबुडे अडकतात. तो भाग सच्छिद्र असतो, लवकर झिजतो, आणि त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. थराचा मधला आणि खालचा भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट. तो काळा पाषाण. दोन लोंढ्यांच्या मधल्या शांततेत जिथं वरचा भाग झिजून माती झाली आणि त्यावर पुढचा तापलेला लोंढा आला, तिथं ती माती भाजून तांबडी झाली. तोच तुमचा ११० फुटांवरचा गेरू. ही बारीक चिकणमाती आहे. ती ओल धरून ठेवते, पण पाणी सोडत नाही.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. खडकात पोकळी असणं वेगळं आणि त्या पोकळीतून पाणी वाहणं वेगळं. चिकणमातीत पोकळी भरपूर असते, पण ती इतकी बारीक की पाणी आतच अडकून बसतं. मांजऱ्यातल्या बुडबुड्यांचंही तसंच. ते सुटे सुटे असतील किंवा गारगोटीनं भरले असतील, तर उपयोग नाही. भेगांनी जोडले गेले असतील, तरच पाणी चालतं. म्हणून आपल्याकडं पाणी म्हणजे भेगांचा आणि झिजलेल्या खडकाचा खेळ. खाली नदी नाही, तळंही नाही. भिजलेला मुरूम, भिजलेला मांजऱ्या आणि काही भेगा, एवढंच आहे.

दीडशे पावलांतल्या फरकाचं उत्तर यातच आहे. ओढे सहसा खडक मऊ किंवा भेगाळ असतो तिथूनच वाट काढतात. म्हणून ओढ्याच्या अंगाला झिजलेला थर जाड, आणि चहूबाजूंचं पाणी उताराला लागून तिकडंच सरकतं. तुमच्या माळाखाली मुरूम फक्त २५ फूट आणि लगेच पाषाण. माळावर पडलेलं पाणी तुमच्या मुरमातून मुरतं आणि हळूहळू शेजाऱ्यांच्या दिशेनं जातं. म्हणजे त्यांच्या बोअरचं थोडं पाणी तुमच्याच माळावर पडलेलं असणार.

शाळेतली_बाई

काका, वहीत उतरवून घेतलं. एक शंका आहे. पाणी खालून सरकतं म्हणता, तर किती वेगानं? मुलं विचारतात आणि मला सांगता येत नाही.

काळा_पाषाण

बाई, त्याचा नियम फ्रान्समध्ये सापडला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी दार्सी नावाच्या इंजिनिअरनं वाळूनं भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजलं आणि १८५६ साली मांडलं. उतार जितका जास्त, वाट जितकी रुंद आणि खडक जितका मोकळा, तितकं पाणी जास्त जातं. तिन्हींचा गुणाकार. मुलांना दाखवायचं तर दोन बाटल्या कापा, एकीत वाळू भरा, दुसरीत काळी माती, आणि वरून सारखंच पाणी ओता. वेगाचं म्हणाल तर ओढ्यासारखं वाहणं मनातून काढून टाका. मुरमातसुद्धा दिवसाला थोडंसंच अंतर कापलं जातं, आणि घट्ट खडकात जवळपास थांबलेलंच असतं.

भगवा_डाळिंब

काळा_पाषाण सर, मान ठेवून बोलतो. मी सांगोल्याचा. माझ्या बोअरला ६५० फुटांवर पाणी लागलं आणि त्यावर तीन वर्षं बाग जगली. तुमचं ऐकलं असतं तर २०१८-१९ च्या दुष्काळात झाडं काढून टाकावी लागली असती. खाली पाणी नाही असं सरसकट कसं म्हणता येईल?

काळा_पाषाण

सरसकट नाहीच म्हणत. खोलवर भेग असते, कधीकधी दोन थरांच्या सांध्यावर पाणीही असतं. पण ते आलं कधी, आणि परत भरणार कधी, हा प्रश्न आहे. वरच्या मुरमातलं पाणी दर पावसाळ्यात भरतं. ६५० फुटांवरच्या भेगेपर्यंत पाऊस पोचायला कितीतरी पाषाण ओलांडावा लागतो. तुम्ही उपसलंत ते बहुतेक फार जुनं साठलेलं पाणी असणार.

एक विचारतो. तीन वर्षांत पाण्याची चव बदलली का? आणि आज तो बोअर किती तास चालतो?

भगवा_डाळिंब

चव बदलली. पहिल्या वर्षी गोडं होतं. मग ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर धरायला लागला, पानांच्या कडा करपल्या. आता दिवसाला चाळीस मिनिटं चालतो, मग हवा मारतो. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगितलं. त्या बोअरनं बाग वाचवली हेही तितकंच खरं आहे.

काळा_पाषाण

बाग वाचली हे मोठंच काम झालं, त्याला कोण नाही म्हणेल. पांढऱ्या थराचं कारण असं, की पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं तितके क्षार विरघळवून घेतं. म्हणून खोलचं पाणी बहुधा जड. पिण्यासाठी वापरत असाल तर तपासून घ्या. एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, नायट्रेट ४५ च्या आत आणि फ्लोराइड १ च्या आत. खोल बोअरला फ्लोराइडचा धोका असतो. उथळ विहिरीला उकिरड्याच्या आणि खताच्या नायट्रेटचा.

ज्वारीचं_रान

सर, काल रात्री हे सगळं घरी वाचलं. सासरे गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "मग आपली विहीर का आटली, हे विचार. पाऊस तर तेवढाच पडतो."

काळा_पाषाण

सासऱ्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथं थोडं गणित करावं लागेल. बोटांवर होण्यासारखं आहे, कंटाळू नका.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका एकरावर एक मिलिमीटर पडला तर चार हजार लिटर. म्हणजे वर्षाला एकरावर २२ लाख लिटर. त्यातलं बरंचसं उन्हानं उडतं, पिकं पितात, काही ओढ्यानं जातं. झिजलेल्या बेसाल्टात साधारण दहा टक्के मुरलं असं धरू. म्हणजे ५५ मिलिमीटर, एकरी सव्वादोन लाख लिटर. वर्षाची कमाई ही एवढीच.

आता उसाचं बघा. उसाला पूर्ण हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. एकरी ८० लाख लिटर. त्यातलं काही पावसाचं धरलं तरी एका एकराचा ऊस कितीतरी एकरांचं मुरलेलं पाणी पितो. १९७२ साली तुमच्या विहिरीवर मोट असेल, फार तर एखादं ऑइल इंजिन. आज त्याच ओढ्याच्या पाणलोटात किती मोटारी आहेत, एकदा मोजा. पाऊस तेवढाच आहे, पण एका ताटात जेवणारी तोंडं वाढली.

आणि भांडं आपलं लहान आहे. आपल्या झिजलेल्या खडकातून उपशाला मिळणारं पाणी म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन टक्के धरा. ५५ मिलिमीटर पाणी मुरलं तर विहिरीची पातळी किती चढेल? दोन टक्क्यांनी भागा : पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. तेच पाणी नदीकाठच्या जाड वाळूत मुरलं, जिथं १६ टक्के मिळतं, तर पातळी जेमतेम एक फूट चढते. म्हणून आपल्या विहिरी पावसाळ्यात झपाट्यानं वर येतात आणि आपल्याला वाटतं की भरपूर पाणी आलं. आणि दिवाळी झाली की तितक्याच झपाट्यानं खाली जातात. भांडं अरुंद असलं की तांब्याभर पाण्यानंही काठापर्यंत भरलेलं दिसतं.

अजून एक गोष्ट. राग मानू नका. तुमच्या पहिल्या बोअरला केसिंग, म्हणजे भोकात वरून बसवलेला पाइप, किती फूट आहे?

ज्वारीचं_रान

२० फूट. विहिरीपासून साठ फुटांवर आहे तो.

काळा_पाषाण

मग विहिरीचं पाणी त्या बोअरमधूनही खाली जात असण्याची शक्यता आहे. २० फुटांखाली भोक उघडं आहे. विहिरीला येणारा पाझर त्या उघड्या भोकात शिरतो आणि खालच्या कोरड्या भेगांत उतरत राहतो. रात्री सगळीकडं शांत झाल्यावर बोअरच्या तोंडाला कान लावा. पाणी पडल्याचा आवाज येतो का, ते सांगा.

मालदांडी

मंगळवेढ्याकडून. धागा फार चांगला चाललाय. काळ्या रानाबद्दल माझ्या अनुभवातलं सांगतो. आमच्याकडं कमरेएवढी काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून घटाघटा आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि रान जणू दार लावून घेतं. त्यानंतर कितीही पडू दे, वरच साचतं किंवा वाहून जातं. म्हणून काळ्या रानात पाणी मुरवायला खड्डे घेण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं मत झालंय. पण तीच माती पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी एकही पाणी न देता येते. आमच्या वडिलांच्या पिढीनं मंगळवेढ्याची ज्वारी अशीच पिकवली. विहिरीत उतरलं नाही तरी ते पाणी वाया गेलं नाही, मातीत राहिलं. ताई, तुमच्या खालच्या चार एकरांत ज्वारीच असू द्या. पाणी मुरवायचं तर वरच्या माळावर.

जुळे_सोलापूरकर

शहरातली गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीत नळाला पाणी चार-चार दिवसांआड यायचं, म्हणून एका गल्लीत अकरा बोअर झाले. नंतर कोणी आधी मोटार लावली की बाकीच्यांना हवा. त्याचं कारण मला या धाग्यातून कळलं. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी असली तरी गल्लीखालच्या मुरमात त्यातला थेंबही नाही. तिथं फक्त गल्लीत मुरलेलं असणार, आणि गल्लीत आम्ही सगळीकडं काँक्रीट केलंय.

दोन वर्षांपूर्वी गच्चीचं पाणी एका बंद पडलेल्या बोअरभोवती मुरवायला सुरुवात केली. हजार चौरस फूट गच्चीवर वर्षाला पन्नास हजार लिटर पडतं. गळती-उडती सोडून चाळीस हजार हाती लागतं. बोअरभोवती खड्डा, त्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडून देतो, कारण गच्चीची घाण असते. गटाराचं किंवा रस्त्याचं पाणी चुकूनही बोअरला जोडू नका. तसं केलं तर सगळ्या गल्लीचं पिण्याचं पाणी नासेल.

काळा_पाषाण

जुळे_सोलापूरकर, अकरा बोअरचं थोडं स्पष्ट करतो. मोटार सुरू झाली की बोअरभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खचते. दोन बोअर जवळ असले की दोन्ही नरसाळी एकमेकांत मिसळतात आणि दोघांनाही कमी मिळतं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर कायद्यानं निर्बंध आहेत, ते याच कारणानं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटलंय आणि अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात ती घ्यायला बंदी आहे. ताई, तुमचा ५२० फुटांचा बोअर म्हणजे १५८ मीटर. ८०० ला जाण्याआधी गाव अधिसूचित क्षेत्रात येतं का, हे तालुक्याला विचारून घ्या.

मालदांडींचं म्हणणं शंभर टक्के पटतं. त्याला एकच जोड देतो. हल्ली ओढे खोल करण्याची घाई होते. गाळ काढणं चांगलं. गाळानं तळ बंद होतो आणि बंधाऱ्यातलं पाणी मुरायच्या ऐवजी उन्हानं उडून जातं. पण गाळाखालचा मुरूमही पोकलेननं उचलून पाषाण उघडा पाडला, तर जे भांडं भरायचं तेच आपण फोडतो. काठच्या विहिरींचा पाझर त्या खोल चरात उतरतो आणि वाहून जातो. मशीन लावताना मुरूम लागला की थांबा.

ज्वारीचं_रान

आज शुक्रवार. रात्री अकराला सासरे आणि मी बोअरपाशी गेलो. टोपण काढून कान लावला. आवाज येतो. खूप आतून, हौदात नळ गळावा तसा. सासरे कितीतरी वेळ तिथंच उकिडवे बसून होते.

काल विहीरही मोजली. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. सकाळी पाणी २९ फुटांवर होतं. मोटार चार तास चालवली, ३६ वर गेलं. आज सकाळी परत दोरी सोडली तर २९ च्या गाठीखाली चार बोटं. यावरून काही सांगता येतं का?

काळा_पाषाण

खूप काही. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण आठ हजार नऊशे लिटर. सात फूट उतरली म्हणजे विहिरीतलं बासष्ट हजार लिटर गेलं. तुमची मोटार तासाला अंदाजे वीस हजार उपसते असं धरलं तर चार तासांत ऐंशी हजार. मधले अठरा हजार लिटर उपसा चालू असताना पाझरून आले. म्हणजे ताशी साडेचार हजार लिटर. एवढा पाझर असलेली विहीर मेलेली नाही. खडकाच्या पोटात ती अजून जिवंत आहे.

तुलनेसाठी सांगतो. साडेसहा इंची बोअर एक फूट भरला तर त्यात फक्त साडेसहा लिटर पाणी असतं. ४०० फूट पाण्यानं भरलेला बोअरसुद्धा अडीच हजार लिटरच्या आसपास. तुमच्या विहिरीत तेवढं पाणी चार बोटांत मावतं.

माझा सल्ला असा. पहिला बोअर पाषाणापर्यंत केसिंग उतरवून आणि बाजूनं सिमेंट भरून बंद करून घ्या. त्यात दगडमाती टाकून नुसता बुजवू नका, आणि तोंड उघडं तर अजिबात ठेवू नका. लहान मुलं असतात. नवीन कोरड्या बोअरचंही तसंच करा. माळावर उताराला आडवे चर घ्या, मुरमापर्यंत खोल. आणि दर महिन्याला एकाच तारखेला, मोटार लावायच्या आधी, त्याच दोरीनं मोजा. सरकारी निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतात, त्या चार नोंदी तरी चुकवू नका. ऑक्टोबरच्या आकड्यावरून रब्बीला किती रान भिजेल, हे पेरणीच्या आधी ठरवता येतं. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे. त्यांचा पाऊस आपल्यापेक्षा जास्त नाही.

रिगवाला_अक्कलकोट

ताई, बोअर बंद करायला माणूस लागला तर निरोप द्या. केसिंग उतरवायचं काम मी करून देतो, फक्त पाइपाचे पैसे लागतील. ५२० फूट कोरडा गेल्याचं वाचून मला त्या गाडीवरच्या पोरांचंही वाईट वाटलं. कोरडा बोअर झाला की शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

ज्वारीचं_रान

सगळ्यांचे मनापासून आभार. ८०० फुटांचा विचार सासऱ्यांनी सोडला. आज सकाळी ते स्वतः शेजाऱ्यांकडं गेले आणि ओढ्यावरच्या मोटारी मोजून आले : आमच्या वस्तीपासून बंधाऱ्यापर्यंत तेवीस. त्यातल्या चौघांनी दर महिन्याच्या एक तारखेला आपापली विहीर मोजून द्यायचं कबूल केलंय. गाठींच्या आणखी चार दोऱ्या मी करून दिल्यात. एक तारखेला पाचही विहिरींचे आकडे इथं टाकते.